वाचकांचे प्रश्न : वास्तुकला शिकायला परदेशी जाताना

परदेशातील प्रवेशअर्जांचे दिवस जवळ आले की या सदराकडे वास्तुकलेविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदा आलेल्यांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे वगळली असून मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला विज्ञान शाखेत आहे. अमेरिकेत जाऊन आर्किटेक्ट व्हायचे, असे त्याने ठरवले आहे. दोन विद्यापीठांची माहिती आम्ही काढली. पहिल्यात चार वर्षांचा ‘बॅचलर ऑफ सायन्स इन आर्किटेक्चर’ आहे, तर दुसऱ्यात पाच वर्षांचा ‘बॅचलर ऑफ आर्किटेक्चर’. पहिले विद्यापीठ जागतिक क्रमवारीत बरेच वर आहे आणि तेथे एक वर्षाचा खर्चही वाचेल. आमच्या प्रवेश सल्लागारांनी पहिलेच सुचवले आहे. आपले मत काय? — एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील ‘एक वर्षाचा खर्च वाचेल’ हे वाक्य आधी बाजूला काढावे लागेल, कारण हिशेब नेमका उलटा आहे. अमेरिकेत वास्तुकलेच्या शिक्षणाला व्यावसायिक मान्यता देण्याचे काम नॅशनल आर्किटेक्चरल अ‍ॅक्रेडिटिंग बोर्ड, म्हणजे ‘नॅब’, ही संस्था करते, आणि ती मान्यता विद्यापीठाला नव्हे, तर एकेका पदवीला मिळते. अशा पदव्या तीनच प्रकारच्या आहेत : किमान 150 क्रेडिटांची (क्रेडिट म्हणजे अभ्यासभार मोजण्याचे एकक) बी.आर्क, म्हणजे बॅचलर ऑफ आर्किटेक्चर, आधीच्या पदवीची क्रेडिटे धरून किमान 168 क्रेडिटांची एम.आर्क (मास्टर) आणि किमान 210 क्रेडिटांची डी.आर्क (डॉक्टर). चार वर्षांची बी.एस. किंवा बी.ए. इन आर्किटेक्चर यांपैकी कशातच बसत नाही. ती पायाभूत पदवी आहे आणि तिच्यावर साधारण दोन वर्षांची मान्यताप्राप्त एम.आर्क चढवली तरच परवान्याचा नेहमीचा रस्ता खुला होतो. म्हणजे एका मार्गाने पाच वर्षे आणि दुसऱ्याने सहा, शिवाय मधे पुन्हा अर्ज, पुन्हा प्रवेश आणि पदव्युत्तर वर्गाची वेगळी फी.

क्रमवारीचे म्हणाल, तर या बाबतीत ती काहीच सांगत नाही. एमआयटी, बर्कली आणि येल येथील वास्तुकलेच्या पदवीपूर्व पदव्या याच चार वर्षांच्या प्रकारातल्या आहेत आणि त्यात त्या विद्यापीठांचे काही चुकलेले नाही. त्यांची मान्यताप्राप्त पदवी एम.आर्क आहे, हे ती स्वतःच सांगतात. उलट कॉर्नेल, कार्नेगी मेलन, सिरॅक्यूज, प्रॅट आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ येथे पाच वर्षांची बी.आर्क आहे. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी पदवीचे पूर्ण नाव वाचावे, आणि ते माहितीपुस्तिकेतून नव्हे, तर नॅबच्या यादीतून ताडून पाहावे. त्यानंतरही परवाना लगेच हाती पडत नाही. नोंदवलेल्या कामाचे 3,740 तास भरावे लागतात, सहा भागांची परीक्षा द्यावी लागते, आणि परवाना अखेर प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते.

मुलगा पुढेमागे भारतात परतणार असेल, तर आणखी एक गोष्ट आजच पाहून ठेवावी. आपल्याकडे 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते, आणि आपली बी.आर्क पाच वर्षांची आहे. परदेशी पदवी घेऊन येणाऱ्याला कौन्सिलकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो; तेथे नुसत्या चार वर्षांच्या पायाभूत पदवीवर भिस्त ठेवता येणार नाही. बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणितही आपल्याकडे आवश्यक आहे. ‘अमेरिकेत कुठे लागते गणित’ म्हणून ते मधेच सोडणारी मुले मी पाहिली आहेत.

चार वर्षांची पदवी मग कोणासाठी? ज्याचे अजून पक्के ठरलेले नाही त्याच्यासाठी ती खरोखरच चांगली. सतराव्या वर्षी ‘आर्किटेक्टच व्हायचे’ म्हणणारी निम्मी मुले घराच्या प्लॅनपेक्षा चित्रपटाच्या सेटवर, फर्निचरवर किंवा बांधकाम व्यवस्थापनात रमतात, आणि अशा मुलाला ही पदवी दुसरीकडे वळायला मोकळीक देते. मात्र आपला मुलगा ‘ठरवले आहे’ म्हणतो, आणि ते खरे मानले तर सल्लागारांचा सल्ला उलटा आहे. त्या विद्यापीठाकडून प्रवेशामागे मोबदला मिळतो का, असे त्यांना सरळ विचारून पाहा. विचारण्यात अवघडण्यासारखे काही नाही.

न विचारता एक मत देतो. शिष्यवृत्ती नसलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने बी.आर्क येथे करावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जावे, असे मला वाटते. येथील नोंदणी हातात राहते, वीट, सिमेंट आणि गवंडी यांच्याशी ओळख झालेली असते, आणि पैसा पाचाऐवजी एक-दोन वर्षांपुरताच लागतो. तरीही पाठवायचे ठरलेच, तर विद्यापीठाने दिलेल्या वार्षिक खर्चाच्या अंदाजात मॉडेलचे सामान, प्लॉटिंग (मोठ्या नकाशांची छपाई) आणि लेझर कटिंग यांचा आकडा किती धरला आहे, ते पत्र पाठवून विचारावे. मी बाहेर शिकत असताना पहिल्याच सत्रात बासवुड या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांवर इतका खर्च झाला की शेवटच्या ज्युरीचे, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणाचे, मॉडेल मी वर्गमित्रांनी कचऱ्यात टाकलेल्या पुठ्ठ्याच्या कातरणांतून केले. मॉडेलचे कौतुक झाले, पण ती काटकसर होती, कल्पकता नव्हे.

प्रश्न : मी बी.आर्कच्या पाचव्या वर्षात आहे. माझा थिसिस नदीकाठच्या पूरप्रवण वस्तीवर आहे. 2019 चा पूर आम्ही घराच्या पहिल्या मजल्यावरून पाहिला. पुढे एम.आर्कसाठी बाहेर जायचे आहे. अमेरिकेतील दोन वर्षांची एम.आर्क, लंडनमधील बारा महिन्यांची एम.आर्क आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील दोन वर्षांची एम.एस्सी. असे तीन पर्याय आहेत. एम.आर्क एका वर्षात मिळत असेल, तर दोन वर्षे का घालवावीत? शिक्षण कर्ज काढूनच होणार आहे. तीन-चार वर्षे तिकडे नोकरी करून परत यावे आणि स्वतःचे ऑफिस काढावे, असा विचार आहे. — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य शेवटचे आहे, आणि बहुतेक अर्जदार ते स्वतःशीसुद्धा म्हणत नाहीत. परत येऊन सांगलीत नकाशावर सही करायची असेल, तर त्या सहीचा अधिकार तुमच्या बी.आर्कवर आणि कौन्सिलच्या नोंदणीवर उभा राहणार आहे, परदेशी एम.आर्क त्यात काही वाढवत नाही आणि कमीही करत नाही. म्हणून निघण्यापूर्वी ती नोंदणी करून घ्या. तिकडच्या परवान्याचा मार्ग विकत घेण्यात तुमचा पैसा फारसा सार्थकी लागणार नाही. तुम्हाला विषय विकत घ्यायचा आहे, आणि त्यासोबत नोकरीची थोडी मुदत.

आता ‘एम.आर्क’ या शब्दाविषयी. लंडनच्या बार्टलेट या वास्तुकलेच्या विद्यालयात ‘आर्किटेक्चर एम.आर्क’ आहे आणि ‘आर्किटेक्चरल डिझाइन एम.आर्क’ही आहे. पहिली दोन वर्षांची असून ब्रिटनमधील नोंदणीच्या साखळीतला दुसरा टप्पा, म्हणजे तेथे सर्वजण ज्याला ‘पार्ट टू’ म्हणतात तो, तिच्यातून पूर्ण होतो. दुसरी बारा महिन्यांची प्रगत अभ्यासाची पदवी आहे आणि त्या साखळीत ती मोजली जात नाही. दोघींची आद्याक्षरे एकच आहेत. ब्रिटनमध्ये ‘आर्किटेक्ट’ हा शब्द 1997 च्या कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणी आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाकडे होते. ही टप्प्यांची पद्धतही सध्या बदलली जात आहे, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्याने सांगितलेली माहिती आज तशीच लागू पडेलच असे नाही. वर्षभराची पदवी वाईट आहे, असे मी म्हणत नाही. संगणकीय रचना किंवा नव्या बांधणीतंत्रातच ज्याला खोल जायचे आहे, त्याला ती पुरते. पण बारा महिन्यांतले पहिले तीन महिने शहर, हवामान आणि मास्तरांचे उच्चार समजण्यात जातात, शेवटचे तीन सादरीकरणात जातात आणि नोकरीच्या शोधाला वेळ उरत नाही. त्यात, शिक्षणानंतर तेथे राहून काम करण्याची दोन वर्षांची मुदत 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी 18 महिन्यांवर येत आहे. कर्जाचे हप्ते याच महिन्यांतून फेडायचे आहेत, हे विसरू नका.

अमेरिकेतही असाच दुहेरी मामला आहे. हार्वर्डमध्ये एम.आर्क एक आणि एम.आर्क दोन अशा दोन वेगळ्या पदव्या आहेत. पहिली व्यावसायिक, नॅबमान्य. दुसरी आधीच व्यावसायिक पदवी असलेल्यांसाठी. कोलंबियात तीन सत्रांची प्रगत रचनेची एम.एस. आहे, आणि एमआयटीतही अशी संशोधनप्रधान पदवी आहे. तुमच्यासारख्या बी.आर्क झालेल्या विद्यार्थिनीला बहुधा या दुसऱ्या प्रकारातच प्रवेश सुचवला जातो, आणि परतायचे असेल तर त्यात नुकसान नाही. मात्र एक कागद नीट वाचा. विद्यापीठ व्हिसासाठी जो आय-20 देते, त्यावर अभ्यासक्रमाचा सहा आकडी क्रमांक छापलेला असतो. शिक्षणानंतर प्रशिक्षण म्हणून काम करायला सर्वांना 12 महिने मिळतात. पण अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल, तर आणखी 24 महिने मिळू शकतात. ‘वास्तु व बांधकाम विज्ञान’ म्हणून 04.0902 हा क्रमांक लावलेले अभ्यासक्रम त्या यादीत येतात, नुसते ‘वास्तुकला’ म्हणून 04.0201 लावलेले येत नाहीत. एका मजल्यावरच्या दोन वर्गांतल्या मुलींपैकी एक एका वर्षात परतते आणि दुसरी तीन वर्षे राहते, ती या क्रमांकातल्या फरकामुळे. हा क्रमांक अर्ज करतानाच लेखी विचारून घ्यावा.

तिकडचे पगारही डोळ्यांपुढे असू द्या. वास्तुकलेतील सुरुवातीचा पगार संगणकक्षेत्राच्या मानाने बराच कमी असतो. कर्जाचा हिशेब घरातल्या सॉफ्टवेअरवाल्या चुलतभावाच्या पगारावर मांडू नये.

आता डेल्फ्ट. तुमचा थिसिस वाचल्याबरोबर माझ्या मनात हेच नाव आले, आणि ते क्रमवारीमुळे नव्हे. 1993 आणि 1995 मध्ये नेदरलँड्समधील नद्यांना मोठे पूर आले. दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. शतकानुशतके बंधारे उंच करत आलेल्या या देशाने त्यानंतर उलटा विचार केला आणि ‘नदीला जागा’ देण्याची योजना आखून तीसहून अधिक ठिकाणी नदीचे पात्र, बंधारे आणि पूरमैदाने यांत फेरबदल केले. नाइमेखन शहरासमोर वाल नदीचा बंधारा साडेतीनशे मीटर मागे सरकवला, पाण्यासाठी बाजूने नवा प्रवाह खणला, आणि मधे जे बेट तयार झाले ते शहराला फिरायला, पोहायला मिळाले. काही घरे त्यासाठी हटवावी लागली, हेही सांगितले पाहिजे. अभियंता, नगररचनाकार, भूदृश्यरचनाकार आणि आर्किटेक्ट एकाच टेबलाशी बसल्याशिवाय असे काम होत नाही, आणि डेल्फ्टचा अभ्यासक्रम नेमका तसा बांधलेला आहे : वास्तुकला, नगररचना, बांधकाम तंत्रज्ञान, भूदृश्यरचना आणि बांधकाम व्यवस्थापन असे पाच प्रवाह एकाच एम.एस्सी.त आहेत, दोन वर्षे, 120 युरोपीय क्रेडिटे (अमेरिकी क्रेडिटांहून वेगळी), शिक्षण इंग्रजीत.

कृष्णेचे पाणी आणि वालचे पाणी एक नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिकडे मोसमी पावसाचा दणका नाही, वरच्या धरणांच्या विसर्गाचा वाद नाही, आणि पूररेषेच्या आत वाढलेल्या बाजारपेठा नाहीत. 2005, 2019 आणि 2021 या तीन पुरांच्या पातळ्या स्वतःच्या भिंतीवर पाहिलेली मुलगी तेथे उत्तरे आणायला नव्हे, तर प्रश्न मांडायला शिकायला जाईल. आणि तेथल्या शिक्षकांना तुमच्याकडून शिकण्यासारखे आहे, हे अर्जात न संकोचता लिहा.

प्रवाह निवडताना मात्र जपून. डच नोंदवहीत आर्किटेक्ट, नगररचनाकार, भूदृश्यरचनाकार आणि अंतर्गत रचनाकार या चार वेगळ्या उपाध्या आहेत. नगररचनेच्या प्रवाहातून गेलात, तर तेथे तुम्ही नगररचनाकार म्हणून ओळखल्या जाल, आर्किटेक्ट म्हणून नव्हे, आणि दोन्हींसाठी पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. परतणाऱ्या माणसाला याने फरक पडत नाही. तिकडेच स्थिरावायचे मनात आले तर पडतो. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी वर्षभराचा परवाना मिळतो. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी फी वर्षाला वीस हजार युरोंच्या पुढे आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच करावा.

तुम्ही न विचारलेले दोन पर्यायही सुचवतो, कारण कर्ज तुम्हाला फेडायचे आहे. मिलानच्या पोलितेक्निकोत वास्तुकलेचे पदव्युत्तर वर्ग इंग्रजीत चालतात, फी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्तीही असते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून फी सुरू केली आहे. पण जर्मन ऑफिसात बांधकाम परवान्याचे कागद जर्मन भाषेतच असतात; भाषेशिवाय नोकरी मिळणे कठीण. ती शिकायची तयारी असेल तरच तिकडे पाहा.

कोकणातल्या आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे मुंबईच्या जे.जे.मधून शिकून 1945 च्या सुमारास हार्वर्डला गेले, तेव्हा तेथे आधुनिक वास्तुकलेचे एक प्रवर्तक वॉल्टर ग्रोपियस शिकवत होते. कानविंदे सरकारकडून गेले होते आणि देशात उभ्या राहायच्या संशोधन प्रयोगशाळा हे त्यांचे काम ठरलेले होते. परतल्यावर अहमदाबादची अटिरा ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था आणि पुढे कानपूरची आयआयटी त्यांच्या हातून झाली. तुमचेही काम ठरलेले आहे, म्हणून हे उदाहरण दिले.

राहिला प्रश्न तीनांतल्या एकाचा. माझा कौल डेल्फ्टला, अट एकच : शिष्यवृत्तीचा काही भाग तरी मिळावा. निर्णयाआधी गेल्या दोन वर्षांतील तेथील स्टुडिओंचे, म्हणजे रचनेच्या प्रात्यक्षिक वर्गांचे, विषय मिळवून वाचा, आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन-तीन भारतीय विद्यार्थ्यांना विचारा की एका शिक्षकामागे स्टुडिओत किती मुले असतात, कार्यशाळा किती वाजता बंद होते, आणि ज्या नामांकित व्यक्तीचे छायाचित्र पुस्तिकेवर आहे ती सत्रभरात किती वेळा वर्गात आली. शेवटच्या प्रश्नाला लोक आधी हसतात आणि मग खरे सांगतात.

प्रश्न : प्रवेशअर्जासोबतच्या पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामाच्या संग्रहात, रेंडर (संगणकावर केलेली इमारतीची हुबेहूब चित्रे) किती असावेत? माझे दोन चांगले प्रकल्प गटातले आहेत आणि एक ड्रॉइंग संच इंटर्नशिपच्या ऑफिसातला आहे. ते घालावेत का? — एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : रेंडर कमी घालावेत. निवड समितीपुढे एका बैठकीत शेकडो पोर्टफोलिओ येतात आणि संध्याकाळच्या उजेडातले तेच काचेचे घर, तीच उडणारी पाखरे पाहून डोळे थकतात. मी स्वतः काही वर्षे पदव्युत्तर प्रवेशांचे पोर्टफोलिओ चाळले आहेत. थांबायला लावतो तो सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद. जमीन कुठे उतरते, पाणी कुठून जाते, माणूस कुठे बसतो, हे ज्या सेक्शनमध्ये दिसते, त्याचा विद्यार्थी कसा विचार करतो ते लगेच कळते. तुम्ही रत्नागिरीचे आहात. जांभ्याची भिंत, उतरत्या छपराची पन्हळ आणि पावसाळ्यात पडवीला लावलेली झड, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, हे तुम्हाला जेवढे ठाऊक आहे तेवढे समितीतल्या कोणालाही ठाऊक नसेल. ती झड भिंतीपासून किती अंतरावर बांधतात, कशाने बांधतात आणि पावसाळा संपल्यावर कुठे ठेवतात, याचे हाताने काढलेले एक पान दहा रेंडरांना भारी पडेल.

गटातले प्रकल्प जरूर घालावेत, पण त्यात तुमचा वाटा नेमका कोणता, हे त्याच पानावर लिहावे : ‘स्थळपाहणी आणि प्लॅन माझे, मॉडेल चौघांचे’ इतके पुरे. सगळे आपणच केले असे दाखवणारा अर्ज मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. ऑफिसातली ड्रॉइंग मालकाच्या परवानगीशिवाय घालू नयेत. ती तुमची नाहीत, ग्राहकाचीही त्यात गोपनीयता असते. परवानगी मिळाली तर एकच पान घाला, आणि तुम्ही काढलेला जिना किंवा खिडकीचे डिटेल मोठे करून दाखवा.

पाने वीस ते तीस पुरेत, मात्र प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा वेगळी असते आणि फाइलचा आकारही ठरवून दिलेला असतो. तो ओलांडला की अर्ज स्वीकारलाच जात नाही. मॉडेलचे फोटो सकाळी खिडकीपाशी, मागे साधा पांढरा कागद लावून काढा, फ्लॅशने नको. आणि पाठवण्यापूर्वी सगळी पाने एकदा कृष्णधवल छापून घरातल्या, या क्षेत्राशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात द्या. तो कोणत्या पानावर थबकतो ते पाहा आणि ते पान पुढे आणा.